पिठाचे हात

१६ जानेवारी

प्रिय लेस्या,

त्या सकाळी आपण दोघी कर्लिंग क्लबाच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. तू सालं इतकी जाड काढत होतीस की मी म्हटलं, "डुकरं पाळलीस का गं घरी?" आणि तू मान वर न करता म्हणालीस, "मी कशाला पाळू, तुझ्याकडे माझा भाऊ आहे ना." मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होतं, खिडक्यांना आतून वाफ धरली होती. कणीक मी पहाटेच मळून ओल्या फडक्याखाली ठेवली होती. दुपारी बाहेरगावचे संघ यायचे होते आणि त्याआधी ढीगभर बटाट्याच्या पिरोगी भरून, मुरडून ठेवायच्या होत्या. बटाटे झाले तशी तू लाटायला घेतलंस. कोपरापर्यंत पीठ. नाकालाही लागलं होतं, ते मी तुला सांगितलं नाही, कारण बघायला मजा येत होती.

काचेपलीकडे तो तुझा भाऊ, ओरेस्ट, बर्फ तयार करत होता. पाठीवर पाण्याचा डबा, हातात झारी, उलट्या पावलांनी चालत खेळाच्या एकेका पट्टीवर कोमट पाण्याचे, पडताच गोठणारे दाणे पेरत. गुळगुळीत बर्फावर खेळाचा दगड सरकताना अडतो, दाण्यांवर धावतो, हे तो प्रत्येक नव्या माणसाला असं सांगायचा जणू ते त्यानेच शोधून काढलंय. मी बाहीने काचेवरची वाफ पुसली आणि पाहिलं. तिसरी पट्टी संपवून तो चौथीवर गेला होता. मी बटाटे कुस्करायला वळले.

एवढंच लिहिते. पुढचं तुला ठाऊक आहे.

पत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला कळतं. आधी खुशाली विचारतात. तर, तू कशी आहेस? लेक, जावई बरे आहेत ना? विनिपेगला थंडी कमी आहे असं रेडिओवर ऐकलं, पण रेडिओवर काहीही सांगतात. इथे इंजिन गोठू नये म्हणून गाडीला रात्रभर विजेची वायर लावून ठेवावी लागते. मांजर स्टोव्हखालून बाहेर यायला तयार नाही. मी बरी आहे. गुडघा तसाच आहे.

आपला सात जानेवारीचा नाताळ मी क्लबातल्या नेस्टरकडे केला. त्याची बायको बिचारी आजारी बहिणीकडे गेली होती, म्हणून गव्हाची खीर त्याने स्वतः शिजवली. गहू कच्चा होता. "दात मजबूत होतात," म्हणाला. घरून निघण्याआधी मी टेबलावर ओरेस्टचं ताट मांडून आले होते. तुझंही मांडायचा मोह झाला होता, कारण तूही सलग दुसऱ्या नाताळाला आली नाहीस. पण ते ताट मेलेल्यांसाठी असतं, आणि तू विनिपेगला कापडाच्या दुकानात आहेस.

रागावलीस तर रागाव. निदान रागावून काहीतरी लिहिशील.

शाळेच्या बाई दुकानात भेटल्या होत्या. नवा ड्रायव्हर नाल्याजवळच्या वळणावर बस अशी घेतो, की पोरांचे डबे मांडीवर सांडतात. "लेस्या उन्हाळ्यानंतर येईल का हो?" त्यांनी विचारलं. तुझी ड्रायव्हरची जागा त्यांनी अजून कायमची भरलेली नाही. जीव वाचवण्याचं तुझं प्रमाणपत्र संपलंय, तेवढं पुन्हा काढलं की झालं, म्हणाल्या. मी म्हटलं, विचारते. त्याला बरेच दिवस झाले. आता विचारलं.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. अंत्यविधीच्या जेवणानंतर चर्चच्या तळघरात तू हात धुवत उभी होतीस. सगळी भांडी विसळून झाली होती, तरी तू हातच धुवत होतीस. मी म्हटलं, लेस्या, पाणी बंद कर. तू म्हणालीस, "ह्या हातांनी मी त्याला मोडला, स्टेफा. मोडल्याचं मला ऐकू आलं." मी नळ बंद केला. खोटं काही बोलायची मला सवय नाही, आणि खरं काय ते ठाऊक नव्हतं.

आणखी एक बातमी. क्लबाने भिंतीवर बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारा तो डबा बसवलाय. डबा आहे, पण वापरायचा कसा ते माहीत असलेलं माणूस नाही. म्हणून वरच्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा वर्ग भरणार आहे, शेवटी परीक्षा. शिकवायला अँब्युलन्सवरची रोशेल डेजार्ले येणार आहे. नावं द्यायला सांगितलं तेव्हा सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मी माझं दिलं. कुणीतरी कॉफी करायला तिथे असायलाच हवं.

तुझी,
स्टेफा


१२ फेब्रुवारी

प्रिय लेस्या,

तुझं कार्ड मिळालं. "बसचं नाही म्हणून सांग. वर्गाचं मला लिहू नकोस. बाकी लिही."

बाकी काही नाही, लेस्या. बर्फ आहे, मांजर आहे आणि वर्ग आहे. बर्फाचं आणि मांजराचं मागच्या पत्रात लिहिलं. त्यामुळे वर्गाचंच लिहिते. नको असेल तर चुलीत घाल म्हटलं असतं, पण तुझ्या लेकीकडे चूल नाही.

शिकायला आहेत नेस्टर, दुकानवाली डॉरीन, दोघं-तिघं शेतकरी आणि मी. रोशेलचा आवाज असा आहे, की लांबची गुरं वळून बघतील. तिने पेटीतून रबरी पुतळे काढून जमिनीवर मांडले. डोकं आणि धड, कमरेखाली काही नाही. नेस्टर बराच वेळ बघत राहिला. "ह्याचा बाकीचा भाग कुठे गेला?"

"तेवढाच येतो," रोशेल म्हणाली.

"लग्न झालेलं असणार."

डॉरीनने त्याला पुस्तिकेने मारलं. अभ्यासाची सुरुवात ही अशी झाली.

आता ऐक. पहिल्याच दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून एक चूक केली. रोशेलला कर्लिंगमधलं काही कळत नाही. तलावापलीकडची आहे ती, तिकडे सगळे हॉकीवाले. ती म्हणाली, छातीच्या मधोमध तळहात, दुसरा हात त्यावर, कोपर ताठ, आणि दाबा. आम्ही दाबायला लागलो. दाब कमी पडतोय असं वाटून ती ओरडली, "जोर! जोर लावा!"

आपल्या गावात "जोर!" ऐकल्यावर माणूस काय करतं ते तुला सांगायला नको. बर्फावर दगड मंद पडायला लागला आणि कप्तान तसा ओरडला, की दगडापुढचा बर्फ घासणाऱ्या झाडूवाल्याचे हात दुप्पट वेगाने चालतात. सगळा हॉल तसा सुटला. पुतळे जमिनीवरून सरकायला लागले. नेस्टरचा तर पार भिंतीपर्यंत गेला. ती बिचारी "थांबा! थांबा!" ओरडत होती. "अहो, तुम्ही माणूस वाचवताय की सामना जिंकताय?"

"आमच्यात तो फरक करत नाहीत," धापा टाकत नेस्टर म्हणाला.

इतक्या घाईत हृदयाला रक्त भरून घ्यायला सवडच मिळत नाही, असं तिने समजावलं. जोर म्हणजे खोल, भराभर नव्हे. तेव्हापासून तो शब्द आमच्या वर्गात बंद. ती "खोल" म्हणते.

पुतळ्याच्या आत काहीतरी बसवलेलं आहे. पुरेसं खोल दाबलं की टक् असा आवाज होतो. माझ्या हाताखाली तो पहिल्यांदा झाला तेव्हा मी उठून कॉफी बघायला गेले.

कॉफी झालेली होती.

घरी आल्यावर वाचते. तुला ठाऊक आहे, आठवीत शाळा सुटली ती गाईंसाठी, आणि त्यानंतर जे काही वाचलं ते कुणी न सांगता वाचलं. ओरेस्टने लिलावात विश्वकोश आणला होता ना, नेमका एक खंड नसलेला? इंग्रजीत घोडा, मध, हॉकी आणि हृदय एकाच अक्षराखाली, त्या नसलेल्या खंडात, येतात. तो म्हणायचा, "ह्या चार गोष्टी आपण डोळ्यांनी बघूनच शिकायच्या, स्टेफा." तीन शिकलो. चौथीसाठी मी आता फिरत्या वाचनालयाकडून पुस्तक मागवलं. जाड आहे. एकेक पान दोनदा वाचावं लागतं, आणि काही पानं वाचून झाल्यावर मी नुसतीच टेबलाशी बसून राहते.

तुला माहीत होतं का, आईच्या पोटात बाळाला अजून धड तोंडसुद्धा नसतं तेव्हापासून ते चालू होतं? त्याला कुणी सांगत नाही. आणि हे बघ: सगळ्या अंगाला रक्त पोचवणारं हृदय स्वतःचं रक्त मात्र घेतं ते दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात. आकसून सगळ्यांना वाढतं, आणि सैल पडतं तेवढ्यात आपण जेवतं. मी हे वाचलं आणि मला माझी आई दिसली, सगळ्यांची पानं झाल्यावर स्टोव्हजवळ उभ्याने खाणारी. इतकी वर्षं माझ्या आत हे चाललंय आणि मी बटाटे सोलतेय. चर्चमध्ये मला कधी वाटली नव्हती इतकी भीती वाटली. वाईट भीती नाही. उन्हाळ्यात उत्तरेला आकाशात हिरवा उजेड हलायला लागला की अंगणात उभं राहून वाटते, तशी.

पण परीक्षेचं काही खरं नाही. पुतळ्याच्या खांद्याशी दिवे आहेत. हिरवा म्हणजे बरोबर. माझा पिवळाच राहतो. खोली बरोबर, वेग बरोबर, तरी पिवळा. रोशेल म्हणते, "स्टेफा, तुम्ही दाबता छान, पण सोडत नाही. छाती पूर्ण वर येऊ द्या. ती वर येते तेव्हाच हृदय भरतं." आम्हा सगळ्यांचीच ती खोड आहे. बर्फ घासताना झाडूवर अंग टाकायचं ते टाकायचंच, उचलला की दगड मेला. नेस्टरची, डॉरीनची खोड आता सुटत आली. माझी नाही. मी हात सैल करते असं मला वाटतं, आणि खाली बघते तर माझं सगळं वजन तिथेच.

हा वर्ग मी कॉफीसाठी घेतलेला नाही, हे तू ओळखलं असशील. मला काहीतरी शोधून काढायचंय. ते सापडलं तर तुला लिहीन. सापडलेलं वाईट असलं, तरी लिहीन.

स्टेफा


१० मार्च

प्रिय लेस्या,

पास झाले. हे आधी सांगते, कारण पत्र लांब होणार आहे. मध्येच ठेवून दिलंस तर निदान एवढं कळलेलं असावं.

लेखी परीक्षा शुक्रवारी झाली. माझं एकच उत्तर चुकलं, तान्ह्या बाळाची नाडी कुठे बघायची ते. नेस्टर शेजारी बसून कुजबुजत होता, "तिसऱ्याचं काय लिहिलंस? अगं, तिसऱ्याचं!" मी म्हटलं, "तुझं हृदय बंद पडेल तेव्हा सांगते." तोही पास झाला. कसा, ते रोशेलला माहीत आणि देवाला.

हातांची परीक्षा शनिवारी होती. त्याच्या आदल्या आठवड्यात मी सोडून द्यायच्या बेतात होते. दिवा पिवळा तो पिवळाच. नेस्टर गुडघ्यांना हॉकीची पॅडं बांधून माझ्यासमोर बसला होता. बराच वेळ त्याने माझे हात बघितले आणि, एरवी ज्याला थट्टेशिवाय बोलता येत नाही, तो हळूच म्हणाला, "तू झाडू मारतेयस, स्टेफा. झाडू नको मारूस. दगड सोड."

"म्हणजे?"

"ओरेस्ट दगड सोडायचा ते आठव. सुटल्यावर त्याचा हात कुठे असायचा?"

लेस्या, मी डोळे मिटले आणि मला तो हात दिसला. दगड पुढे निघून गेलेला आणि हात तसाच पुढे, उघडा, जागेवरून न हललेला. धरलेलं काही नाही, पण काढूनही घेतलेला नाही. मी तसं केलं. तळहात छातीवरच ठेवला आणि वजन तेवढं काढून घेतलं. दिवा हिरवा झाला. नेस्टर म्हणाला, "बघ," आणि मग उठता येईना म्हणून आम्ही तिघांनी मिळून त्याला उभा केला.

ह्यातून मला काही बोध काढायचा नाही. फादर रविवारी काढतात तेवढे पुरेत. मला फक्त हिरवा दिवा हवा होता.

शनिवारी रोशेलने प्रसंग सांगितला. "हॉलमध्ये माणूस कोसळलाय. हाक मारली, उत्तर नाही. तुम्ही एकट्याच आहात."

मी म्हटलं, "एकटी नाही मी." तोंडातून गेलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. "परीक्षेत एकट्याच आहात, स्टेफा," ती हळू आवाजात म्हणाली.

मग मी केलं. हाक मारली, श्वास बघितला, मदत बोलावली, गुडघे टेकले. दाबलं आणि सोडलं, तोंडाने श्वास दिला, पुन्हा दाबलं. टक्, टक्, टक्. ह्या वेळी मी उठून गेले नाही. थोड्याच वेळात माझे दंड थरथरायला लागले, पाठीतून कळ निघाली, आणि रोशेल म्हणाली, "बस्, झालं." जमिनीवर बसून मी श्वास घेत होते, आणि माझ्या मनात परीक्षा नव्हती. तू होतीस. त्या दिवशी रस्ता बर्फाने भरलेला होता. अँब्युलन्सच्या पुढे बर्फ हटवणाऱ्या नांगराची गाडी घालून आणावी लागली होती. तेवढा सगळा वेळ तू बर्फावर गुडघे टेकून होतीस. मी म्हटलं होतं, दे मला, सांग कसं करायचं, आणि तू मान हलवलीस, कारण सांगायला लागणारा श्वाससुद्धा तुला परवडत नव्हता. हे मी बघितलेलं होतं, लेस्या. ते काय होतं हे मला शनिवारी कळलं, माझ्या स्वतःच्या दंडात.

बाकीचे गोड खायला खाली गेले. मी रोशेलला थांबवलं. मला दोन गोष्टी विचारायच्या होत्या.

पहिली बरगडीची. तो आवाज तू ऐकलास तसा मीही ऐकला होता. मी विचारलं, दाबताना हाड मोडलं तर दाबणाऱ्याचं चुकलं का?

रोशेल खुर्चीवर बसली. "मोठ्या माणसाचं बहुतेक वेळा मोडतंच," ती म्हणाली. "माझ्या हाताखाली कितीतरी बरगड्या मोडल्यात. पुस्तिकेतसुद्धा आहे, थांबू नका म्हणून. न मोडण्याइतकं हळू दाबलं तर बहुतेकदा रक्तच पुढे जात नाही." मग म्हणाली, "मी तुम्हाला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. तुम्ही विषय काढेपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं होतं. त्या दिवशी अँब्युलन्सवर मीच होते."

मला ती मुळीच आठवली नाही. टोप्या, कोट, पिशव्या, एवढंच मला आठवतं.

"ती बाई कोण होती?" तिने विचारलं. "पिठाच्या हातांची?"

"त्याची बहीण."

"आम्ही तिला बाजूला केलं, तरी तिचे हात थांबत नव्हते. हवेतच दाबत होते, त्याच लयीत. मी नव्या मुलांना शिकवते तेव्हा तिचे ते हात माझ्या डोळ्यांपुढे असतात. मी आयुष्यात ह्याहून चांगलं दाबलेलं पाहिलेलं नाही."

हे तिचे शब्द आहेत. मी एकही वाढवलेला नाही. तो वाचला नाही. तुझ्या हातांनी वाचला नाही, तिच्या यंत्रांनी वाचला नाही, रस्त्यात दिलेल्या औषधांनीही नाही. काही हृदयं पुन्हा चालू होत नाहीत, असं ती म्हणाली, आणि का ते तिलाही सांगता येत नाही. पण त्याला तू मोडलं नाहीस.

आता दुसरी गोष्ट. ही तुला मी कधी सांगितली नाही. कुणालाच नाही.

तू खाली बघत होतीस, आपल्या हातांकडे. मी त्याच्या डोक्याशी होते, माझ्या दोन्ही हातांत त्याचं तोंड होतं. तुझा वेग नीट बसला होता, बरगडीचा आवाज होऊन गेला होता, आणि ओरेस्टने डोळे उघडले.

उघडले, लेस्या. नुसत्या पापण्या वर गेल्या असं नाही. तो कुठेतरी वर बघत होता, आणि मग त्याची नजर फिरली आणि माझ्यावर येऊन थांबली. पट्टी तयार झाल्यावर तो एका टोकाला वाकायचा, उजेडाच्या दिशेने बर्फावर नजर टाकायचा, सगळं सारखं झालंय का बघायला. आणि झालं असलं की डावा डोळा किंचित बारीक करायचा. तसं बघितलं त्याने माझ्याकडे. मी त्याचं नाव घेतलं. मग अँब्युलन्सची माणसं आली, त्यांनी तुला बाजूला केलं, मधल्या त्या क्षणभरात त्याच्या छातीवर कुणाचेच हात नव्हते, आणि त्याचे डोळे विझले.

मी तुला का सांगितलं नाही? तू हात धुवत होतीस म्हणून. तो बघत होता असं सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, म्हणजे तो जिवंत होता आणि मी त्याची हाडं मोडत होते. आणि तसं नाही हे म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. माझं मलाच कळत नव्हतं ते काय होतं. मला भास झाला असेल, असं दिवसा वाटायचं. भास नाही, हेही वाटायचं. कुणा शहाण्या माणसाने "नसा हलतात, बाई," असं म्हटलं असतं तर तेही माझ्याजवळून गेलं असतं. म्हणून ते झाकून ठेवलं होतं.

रोशेलला सांगितलं. ती हसली नाही, तिला आश्चर्यही वाटलं नाही. "होतं असं," म्हणाली. "फार क्वचित. हृदय बंदच असतं, पण दाबणारे हात इतके चांगले असतात की रक्त डोक्यापर्यंत पोचतं, आणि माणूस डोळे उघडतो. मी दोनदा पाहिलंय. हात थांबले की जातं."

मी विचारलं, "त्याला दुखलं असेल का?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू? वाचलेल्या बहुतेकांना काही आठवत नाही. काहींना आठवतं. तुम्ही त्याचं तोंड पाहिलंत. मी नाही पाहिलं."

मी पाहिलं. त्यावर दुखणं नव्हतं. हे मी तुला त्याची बायको म्हणून सांगते. त्या माणसाचा दात दुखला तरी मला त्याच्या पाठीवरून कळायचं.

आता तू हे नीट वाच, कारण हे लिहायलाच मी पुस्तकं वाचली. त्याचं हृदय बंद होतं. त्या वेळी चौथ्या पट्टीवर त्याच्या अंगात जे काही फिरत होतं ते तुझ्या खांद्यांतून, कोपरांतून, पिठाने भरलेल्या तळहातांतून जात होतं. माझ्याकडे बघायला त्याला जे रक्त लागलं ते तू पोचवलंस. ओरेस्टचं हृदय त्या वेळी तू होतीस, लेस्या. मी हे घरी स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून बघितलं. मांजर स्टोव्हखालून बाहेर आलं. मला अजूनही ते पूर्ण समजत नाही, आणि समजावं असं वाटतही नाही. एका माणसाला दुसऱ्या माणसाच्या बाहेर बसून त्याचं हृदय होता येतं, आणि हे गावातल्या हॉलमध्ये, कॉफी पीत, नेस्टरलासुद्धा शिकवतात.

त्याचा निळा स्वेटर इस्पितळात त्यांनी मला पिशवीत घालून दिला होता, समोरून कापलेला. पिशवी मी उघडली नव्हती. शनिवारी घरी येऊन उघडली, टेबलावर स्वेटर पसरला आणि कापलेल्या दोन्ही बाजू जुळवल्या. मधोमध तुझ्या कणकेचा डाग आहे, लोकरीत घट्ट बसलेला. मी शेजारी पुस्तिका ठेवली. तिथल्या चित्रात हात जिथे ठेवायला सांगितलाय, तिथेच आहे. बोटभरही इकडेतिकडे नाही. स्वेटर मी धुणार नाही. तू आलीस की दाखवीन, आणि नको म्हणालीस तर पुन्हा ठेवून देईन.

पुढचा वर्ग एप्रिलमध्ये आहे. रोशेल म्हणाली, तिला एक मदतनीस हवीय, जिला बघून लोक शिकतील अशी. शाळेच्या बाईंना मी अजून तुझा नकार कळवलेला नाही. विसरले म्हण.

तो गेल्यापासून चौथ्या पट्टीवर मी पाऊल टाकलं नव्हतं. नेस्टर आणि बाकीचे आलटून पालटून बर्फ तयार करतात. बरा करतात. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, चर्च सुटल्यावर मी क्लबात गेले. पाणी कोमट केलं, बोट घालून बघितलं, डब्यात भरलं, डबा पाठीवर घेतला, आणि उलट्या पावलांनी चालत चारही पट्ट्यांवर दाणे पेरले.

अजूनही तुझी वहिनी,
स्टेफा